चार दिवसांचे चांदणे

गेल्या आषाढात एका सायंकाळी कुर्ला स्थानकाच्या पुलावर पावसाने आम्हांस अडकवून ठेविले होते. मध्य आणि हार्बर अशा दोन्ही मार्गांच्या गाड्या उशिराने धावत असल्यामुळे पुलावर इतकी दाटी झाली होती की, छत्री मिटावी की उघडी ठेवावी, याचाही निर्णय करिता येईना. इतक्यात मागून "सर!" अशी हाक आली. वळून पाहतो तो चाळिशी ओलांडलेली एक बाई हसतमुखाने उभी. ओळख पटावयास क्षणभर वेळ लागला. वीस-बावीस वर्षांपूर्वी ही मुलगी आमच्या महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचा गळा गोड होता, आणि तिच्या गाण्यावाचून वार्षिक स्नेहसंमेलन पार पडत नसे.

कुशलप्रश्न झाले. एका कचेरीत आपण नोकरी करितो, मुलगा शाळेत आहे, गाणे आता गणेशोत्सवापुरते उरले आहे, असे तिने सांगितले. मग सहज म्हणाली, "सर, त्या वेळी तुम्ही मला अडवलंत ते बरंच झालं. तुम्ही म्हणाला होतात तस्संच झालं बघा. दोन-तीन वर्षांत त्या सगळ्याजणी पांगल्या." यावर आम्ही काही बोलावे तोच पनवेलच्या गाडीची घोषणा झाली, आणि ती घाईने निरोप घेऊन गर्दीत दिसेनाशी झाली.

तिच्या बोलण्यात उपरोधाचा लेशही नव्हता. ती मनापासून आभार मानीत होती. परंतु निंदेपेक्षा आभार अधिक बोचावे, असा प्रसंग मनुष्याच्या आयुष्यात क्वचित येतो, तो आमच्या वाट्यास त्या सायंकाळी आला. आमचे भाकीत खरे ठरले होते यात शंका नाही. मग ते खरे ठरल्याचे ऐकून समाधान होण्याऐवजी मनास टोचणी का लागावी? या प्रश्नाचा शोध घेताना जे विचार सुचले ते येथे वाचकांपुढे मांडीत आहो. प्रश्न वरवर पाहता एका गायिकासंचाचा आणि एका विद्यार्थिनीचा आहे. पण त्याच्या बुडाशी एक जुनाच नैतिक प्रश्न आहे. तो असा की, जे फार काळ टिकणार नाही ते मिळविण्यासाठी धडपडावे की नाही, आणि धडपडू पाहणाऱ्यास अडविण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांस कोठून प्राप्त होतो?

ज्या संचाचा उल्लेख वर आला त्याची हकीकत आजच्या तरुण वाचकांस ठाऊक नसण्याचा संभव आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. न्यूझीलंड देशात १९९९ साली 'पॉपस्टार्स' नावाचा दूरचित्रवाणीवरील एक कार्यक्रम निघाला. त्याची कल्पना अशी की, गाणाऱ्या तरुण मुलींची जाहीर निवड करावयाची, त्या निवडीचे चित्रण हप्त्याहप्त्याने प्रेक्षकांस दाखवावयाचे, आणि अखेरीस निवडलेल्या पाचजणींचा संच बांधून त्यांची गाणी बाजारात आणावयाची. त्या पहिल्या संचाचे नाव 'ट्रूब्लिस'. त्याचे पहिलेच गाणे त्या देशात अग्रस्थानी जाऊन बसले, आणि वर्ष-दीड वर्षात संच मोडलाही. ही कल्पना पुढे ऑस्ट्रेलिया, जर्मनी, इंग्लंड असा प्रवास करीत २००२ साली आपल्या देशात आली. चॅनेल व्ही या संगीताच्या वाहिनीने ती उचलली. कार्यक्रमाच्या नावातच 'कोक' हे शीतपेयाचे नाव गुंफलेले होते. निरनिराळ्या शहरांत चाचण्या झाल्या, आणि त्यांतून सीमा रामचंदानी, प्रतिची महापात्र, नेहा भसीन, महुआ कामत आणि अनुष्का मनचंदा या पाचजणी निवडल्या गेल्या. संचाचे नाव 'विवा'.

त्या वर्षी त्यांचा पहिला अल्बम निघाला. 'हम नये गीत सुनायें' आणि 'जागो ज़रा' ही त्यांची गाणी इतकी पसरली की, कुर्ल्याच्या रिक्षातळापासून महाविद्यालयाच्या उपाहारगृहापर्यंत ती कानी न पडता दिवस जात नसे. पुढे महुआ कामत संचातून बाहेर पडल्या, आणि २००३ साली दुसरा अल्बम आला तो उरलेल्या चौघींचा. त्यानंतर थोड्याच काळात संच विसर्जित झाला. त्याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या फेरीतून २००३ साली 'आसमा' नावाचा मुलामुलींचा संच निघाला. त्याचे आयुष्यही फार नव्हते. १९९५ साली अलिशा चिनॉय यांच्या 'मेड इन इंडिया'ने बिगरचित्रपटी हिंदी गाण्यांचा जो बहर आणिला होता तो या सुमारास ओसरत चालला होता. कॅसेटचा धंदा बसत होता, गाणी फुकट उतरवून घेण्याची सोय घरोघरी होत होती, आणि संगीताच्या वाहिन्यांवर चित्रपटगीतांनी पुन्हा ठाण मांडिले होते. सारांश, ज्या फांदीवर या मुलींनी घरटे बांधिले ती फांदीच वाळत होती. ज्या वाहिनीने त्यांस घडविले, तिचे भारतातील प्रक्षेपणही १९९४ साली सुरू होऊन २०१८ साली थांबले.

आता आमच्या उपदेशाकडे वळू. २००२ साली आम्ही तिशीत होतो आणि नोकरीत नुकतेच कायम झालो होतो. नुकत्याच कायम झालेल्या मनुष्यास कायमपणाचे जितके प्रेम असते तितके दुसऱ्या कोणासही नसते. ही मुलगी एके दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत आली आणि मुंबईत होणाऱ्या चाचणीस आपण जावे की नाही, एवढेच तिने विचारिले. आम्ही तिला अर्धा तास ऐकविले. आमचे आक्षेप तीन होते. पहिला, असा संच स्वाभाविक नव्हे. तो कारखान्यातल्या मालासारखा घडविलेला आहे. दुसरा, त्याचा हेतू संगीत नसून शीतपेयाची विक्री आहे. तिसरा आणि सर्वांत मोठा, हे चार दिवसांचे चांदणे आहे. दोन-तीन वर्षांत संच मोडेल, आणि मग तुला कोणी ओळखणारही नाही. तेव्हा आधी पदवी घे, मग पक्की नोकरी पाहा. मुलीने मान डोलावली. ती चाचणीस गेली नाही.

या तीन आक्षेपांचा आज पुन्हा विचार करू लागलो म्हणजे पहिल्याचे आम्हांस हसू येते. कुर्ल्यात राहणाऱ्या मनुष्याने 'कारखान्यात घडविलेले' हे शब्द शिवीसारखे वापरावे, यापरता कृतघ्नपणा कोणता? जमशेटजी टाटांनी १८८६ साली एक मोडकळीस आलेली गिरणी विकत घेऊन 'स्वदेशी' नावाने उभी केली ती येथेच. ज्या प्रीमियर पद्मिनी मोटारींनी टॅक्सी होऊन साऱ्या मुंबईस वाहिले त्या बाहेर पडत तेही येथल्याच कारखान्यातून. घडविलेल्या वस्तूंच्या जोरावर या उपनगराच्या कित्येक पिढ्यांनी संसार केले. बरे, कलेचे क्षेत्र तरी यास अपवाद आहे काय? आमच्या नाटक मंडळ्या गोड गळ्याची, देखणी मुले गावोगाव हुडकून आणीत, त्यांस शिकवीत, नटवीत आणि रंगभूमीवर उभी करीत. नारायणराव राजहंस किर्लोस्कर मंडळीत आले, ते मंडळीस स्त्रीभूमिका करणाऱ्या गायक नटाची निकड होती म्हणून आले. तेवढ्यावरून बालगंधर्वांचे गाणे कृत्रिम होते असे कोणी म्हणत नाही. इंग्लंडातील 'स्पाइस गर्ल्स' हा संच तर १९९४ साली वर्तमानपत्रात जाहिरात देऊन जमविला गेला. माणसे एकत्र कशी आणली गेली, यावरून त्यांनी एकत्र येऊन काय केले याचे मोल ठरत नाही. लग्ने जुळविली जातात. म्हणून संसार खोटे होत नाहीत.

दुसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे, पण ते आम्ही समजत होतो त्या ठिकाणी नाही. कलेस आश्रय कोणाचा तरी लागतोच. तो पूर्वी संस्थानिकांचा होता, मग तिकिटे विकत घेणाऱ्या प्रेक्षकांचा झाला, पुढे व्यापाऱ्यांचा झाला. रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेला 'बिनाका गीतमाला' हा कार्यक्रम दातांच्या मलमाच्या नावाने चालत असे. त्यामुळे त्यातील एकही गाणे हलके झाले नाही. शीतपेयवाल्याने पैसा पुरविला एवढ्यावरून गाणे विटाळते, असे म्हणणे म्हणजे निव्वळ सोवळेपणा होय.

खरा दोष निराळा आहे. या प्रकारच्या कार्यक्रमांत जे विकले जाते ते केवळ गाणे नव्हे. निवडलेल्या पाचजणींचा आनंद जसा विकला जातो, तशीच न निवडलेल्या शेकडोंची निराशाही विकली जाते. एखादी मुलगी परीक्षकांपुढे अडखळते, नाकारली जाते, बाहेर येऊन आईच्या खांद्यावर डोके ठेवून रडते. आणि हे सारे घरबसल्या पाहणाऱ्यांच्या करमणुकीसाठी टिपले जाते. कोणत्याही मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच एक साध्य आहे हे ध्यानी ठेवावे, असा दंडक कान्टने घालून दिला. त्या दंडकाचा भंग येथे होतो, तो मुली घडविण्यात नव्हे, तर त्यांचे अश्रू विकण्यात. आणि दुसरा भंग होतो तो मुदत लपविण्यात. लग्नाच्या वरातीत बँड वाजविणाऱ्यास ठाऊक असते की, आपले काम नवरा-नवरी दारी पोहोचेपर्यंतचे. म्हणून त्याची फसवणूक होत नाही. वीस वर्षांच्या मुलीस 'तू आता तारका झालीस' असे सांगताना, ही तारका आमचा हंगाम असेतोवरच चमकावयाची आहे, हेही सांगणे ज्याने तिला उजेडात आणिले त्याचे कर्तव्य आहे. यश थोड्या दिवसांचे आहे यात अन्याय नाही. ते थोड्या दिवसांचे आहे हे जाणून असताना कायमचे म्हणून दाखविणे, यात अन्याय आहे.

आम्ही त्या मुलीस हे सांगितले असते, चाचणीस जा, पण कॅमेऱ्यापुढे रडू नकोस, आणि करारनामा वाचल्यावाचून सही करू नकोस, असे म्हटले असते, तर तो उपदेश कामाचा झाला असता. आम्ही सांगितले ते एवढेच की, हे टिकणार नाही. तेव्हा आता तिसऱ्या आक्षेपाकडे, म्हणजे प्रश्नाच्या गाभ्याकडे, येणे प्राप्त आहे.

जे टिकत नाही ते कमी मोलाचे, ही समजूत इतकी रूढ आहे की, ती समजूत आहे हेच आपण विसरून जातो. तिला मोठमोठ्यांचा आधारही दाखविता येईल. अॅरिस्टॉटलने म्हटले आहे की, एक पाकोळी दिसली म्हणून ऋतू पालटला असे होत नाही. तद्वत् एका दिवसाच्या सुखाने मनुष्य सुखी ठरत नाही, त्यास पुरे आयुष्य लागते. परंतु त्याचे हे विधान आयुष्याविषयी आहे, आयुष्यातील एकेका कृतीविषयी नव्हे, हा भेद आम्ही त्या वेळी ध्यानी घेतला नाही. आयुष्य दीर्घ आणि भरीव असावे हे खरे. पण त्यासाठी त्यातील प्रत्येक गोष्ट दीर्घ असली पाहिजे असे मुळीच ठरत नाही. आपल्याकडे महाभारतातील विदुलेने रण टाकून परत आलेल्या मुलास याच्या अगदी उलट उपदेश केला आहे. दीर्घकाळ धुमसत राहण्यापेक्षा क्षणभर पेटून उठणे बरे, असा तिचा आशय. विदुला आई होती, आणि मुलाच्या जिवाची तिला आमच्याहून अधिक काळजी असली पाहिजे.

उदाहरणे फार दूर शोधावयास नकोत. १९२१ च्या जुलै महिन्यात टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे अध्वर्यू, केशवराव भोसले आणि बालगंधर्व, एका रंगमंचावर उभे राहिले.  पुढे तीन महिन्यांतच केशवराव वारले. आज शंभर वर्षांवर काळ लोटला तरी मराठी मनुष्य त्या रात्रीचे नाव काढितो. तो मेळ फार काळ टिकला नाही म्हणून तो प्रयोग फसला, असे कोणी म्हणत नाही. दुसरे उदाहरण आमच्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. हिराबाई बडोदेकर यांनी आपल्या भावंडांसह नूतन संगीत विद्यालयाच्या नाट्यशाखेतर्फे नाटके केली. घरंदाज स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवू नये असे मानणाऱ्या त्या काळी बहिणी-बहिणींनी तेथे उभे राहून गावे, ही गोष्ट लहान नव्हती. हा उद्योग थोड्याच वर्षांत आवरता घ्यावा लागला, आणि मागे कर्ज राहिले. टिकाऊपणाच्या मापाने मोजावयाचे तर तो अयशस्वी म्हणावा लागेल. परंतु स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्या, हे आज आपणांस जितके स्वाभाविक वाटते तितके ते वाटावे यासाठी ज्या धडपडी खर्ची पडल्या, त्यांत ही एक होती. हिशेबाच्या वहीत ती नुकसानीच्या बाजूस पडेल. रंगभूमीच्या इतिहासात ती तशी पडत नाही.

कोणी म्हणेल, 'विवा'च्या मुलींचेही पुढे बरेच झाले, तेव्हा तुमचा आक्षेप त्यानेच खोडला जातो. खरे आहे. नेहा भसीन यांस 'सुलतान' चित्रपटातील गाण्याबद्दल २०१७ साली फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. अनुष्का मनचंदा यांनी दूरचित्रवाणीवर निवेदन केले आणि अनेक हिंदी चित्रपटांसाठी पार्श्वगायन केले. पण या युक्तिवादाचा आधार आम्हांस घ्यावयाचा नाही. 'नंतर फळ आले म्हणून फूल व्यर्थ गेले नाही' असे म्हणणे म्हणजे फुलास पुन्हा फळाच्याच मापाने मोजणे होय. पाचजणींपैकी एकीचेही नाव पुढे झाले नसते, तरी त्या दोन वर्षांचे मोल राहिले असते काय, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर आमच्या मते 'होय' असे आहे. ज्या काळी हिंदी गाण्यातील स्त्रीचा स्वर बहुधा पडद्यावरील नायिकेस उसना दिला जात असे, त्या काळी पाच मुली आपल्याच नावाने, आपल्याच चेहऱ्याने, एकमेकींच्या खांद्यास खांदा लावून गात होत्या. आणि त्यांचे पाहून आमच्या वर्गातील मागच्या बाकावरच्या मुली मधल्या सुटीत बाकावर ताल धरीत होत्या. तो ताल आम्ही स्वतः ऐकिला आहे. दार उघडून वर्गात शिरल्याबरोबर तो थांबे. आज वाटते, थोडा वेळ दाराबाहेरच थांबलो असतो तर बरे झाले असते.

आता भाकीत आणि सल्ला यांतील भेद स्पष्ट करून सांगतो, कारण आमच्या टोचणीचे मूळ तेथे आहे. 'हा संच दोन-तीन वर्षांत मोडेल' हे भाकीत. 'म्हणून तू जाऊ नकोस' हा सल्ला. या दोहोंच्या मध्ये एक तिसरे वाक्य दडलेले आहे: 'जे लवकर मोडते त्यात भाग घेणे व्यर्थ.' हे वाक्य आम्ही उच्चारले नाही, तपासले तर नाहीच. तर्कशास्त्र शिकविणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने हीच चूक विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत पाहिली असती तर तांबड्या पेन्सिलीने खूण केली असती. भाकीत खरे ठरले की त्याच्या पाठीवर बसून सल्लाही खरा ठरल्याची ऐट मिरवितो. वडीलधाऱ्यांचे पुष्कळसे शहाणपण या एका घोटाळ्यावर उभे आहे. लोक तरुणांस सांगतात, हे मासिक चालणार नाही, ही मैत्री टिकणार नाही, हा पक्ष निवडून येणार नाही. आणि खरोखरच मासिक बंद पडते, मैत्री तुटते, पक्ष हरतो. वडील म्हणतात, 'सांगितले नव्हते?' सांगितले होते, खरे. पण जे सांगितले होते ते निराळे, आणि जे सिद्ध झाले ते निराळे.

ते दडलेले वाक्य खरे मानावयाचे तर आम्ही आमचा पेशाच सोडला पाहिजे. प्रत्येक वर्ग तीन वर्षांत पांगतो. महाविद्यालयाची एकांकिका स्पर्धेत एकदा-दोनदा होते आणि संपते; तिच्यासाठी मुले महिनाभर रात्री जागतात, आणि त्यांस आम्हीच उत्तेजन देतो. कुर्ल्याची कित्येक मुले पहाटे किटबॅग घेऊन मैदानावर जातात. त्यांतील हजारांत एखादाही रणजी सामन्यापर्यंत पोहोचत नाही, हे आम्हांस ठाऊक असते. त्यांपैकी एकासही आम्ही कधी खोलीत बसवून अर्धा तास उपदेश केलेला आठवत नाही. मग या मुलीसच का केला? याचे प्रामाणिक उत्तर देणे जड जाते, तरी देतो. ती मुलगी होती म्हणून. चाचणी, कॅमेरा, नृत्य, परगावचे दौरे, लोकांच्या तोंडी होणारे नाव, या सर्वांची आम्हांस धास्ती वाटली. आणि धास्तीस धास्ती न म्हणता आम्ही तिला तत्त्वज्ञानाचे नाव दिले. श्रीनगरात २०१२ साली शाळकरी वयाच्या तीन मुलींनी 'प्रगाश' नावाचा वाद्यवृंद काढिला होता. एका स्पर्धेत त्यांचे कौतुक झाले, आणि लगोलग त्यांजवर धमक्यांचा वर्षाव झाला. एका बड्या धर्माधिकाऱ्याने त्यांचे गाणे धर्मबाह्य ठरविले, आणि २०१३ च्या आरंभीच त्यांनी गाणे सोडिले. ती बातमी वाचून आम्ही संतापलो होतो, वर्गातही त्याविषयी बोललो होतो. धमकी देऊन गप्प बसविणारे आणि मायेने समजावून गप्प बसविणारे यांत अंतर आहे, आणि ते फार मोठे आहे. परंतु गाणे दोन्ही ठिकाणी थांबते, हे त्या दिवशी आमच्या ध्यानी आले नाही.

आमच्या विरुद्ध एक गोष्ट म्हणता येईल ती नमूद करितो. गरिबाच्या घरच्या मुलीस धोका पत्करण्याची चैन परवडत नाही. तिला पक्क्या वाटेने नेणे हेच शिक्षकाचे काम. या म्हणण्यात वजन आहे, आणि त्याच वजनाने आम्ही त्या वेळी स्वतःची समजूत घातली होती. पण त्या मुलीच्या घरची एक गोष्ट आम्हांस तेव्हाही माहीत होती. तिचे वडील ज्या कारखान्यात वीसेक वर्षे 'पक्के' होते, तो त्याआधी थोडेच दिवस बंद पडला होता. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर कुर्ला-भांडुप पट्ट्यातील घरोघर हेच झाले होते. भोंगे थांबले, पाळ्या संपल्या, आणि पुढे २०११ साली लालबहादूर शास्त्री मार्गावर फिनिक्स मार्केटसिटीचे भव्य दुकानसंकुल उघडले. ज्याची कायमची नोकरी नुकतीच नाहीशी झाली त्याच्या मुलीस आम्ही कायमपणाचा उपदेश करीत होतो! गाण्याचा संच अल्पायुषी, हे आम्हांस दिसले. गिरण्या, कारखाने, संगीताची वाहिनी, कॅसेट, किंबहुना आम्ही ज्यास पक्के म्हणत आलो ते बहुतेक सारेच अल्पायुषी, हे दिसले नाही. दोन वर्षांची मुदत आणि वीस वर्षांची मुदत यांत फरक केवळ मोजण्याचा आहे. पहिलीस आपण क्षणभंगुर म्हणतो आणि दुसरीस शाश्वत, कारण दुसरीच्या आड आपले स्वतःचे आयुष्य दडविता येते.

ती चाचणीस गेली असती तर निवडली गेली असती, असे आम्ही म्हणत नाही. बहुधा नसती, पाच जागांसाठी मुली किती आल्या असतील! पण तो नकार तिचा स्वतःचा झाला असता. परीक्षकांपुढे एकदा उभे राहून मिळालेला नकार मनुष्यास आपल्या गळ्याविषयी काही तरी शिकवितो. घरीच राहून मिळालेला नकार काहीच शिकवीत नाही. तो केवळ एक मोकळी जागा मागे ठेवितो, आणि त्या जागेवर पुढे दुसऱ्याच्या शहाणपणाचा फलक लागतो.

तात्पर्य काय? वडीलधाऱ्यांनी तरुणांस काहीच सांगू नये असे आमचे म्हणणे नाही. भाकीत अवश्य सांगावे; तो अनुभवाचा ठेवा आहे, आणि तो दडवून ठेवणे हाही अपराधच. मुदत सांगावी, धोके सांगावे, करारातील खाचाखोचा दाखवाव्या. मात्र तेथे थांबावे. 'हे किती दिवस चालेल' हा प्रश्न जाणत्यास विचारण्याजोगा आहे. 'तेवढ्या दिवसांसाठी मी जावे काय' या प्रश्नाचे उत्तर ज्याचे दिवस खर्च व्हावयाचे आहेत त्यानेच द्यावयाचे. अलीकडे असा प्रसंग आला म्हणजे आम्ही ही दोन वाक्ये निरनिराळी ठेविण्याचा प्रयत्न करितो. जुनी खोड आहे. सदाच जमते असे नाही.

१९२५ च्या फेब्रुवारीत देशातील पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून निघाली ती कुर्ल्यापर्यंतच आली. तिचा पल्ला आखूड म्हणून कोणी तिला नावे ठेविली नाहीत. याच स्थानकाच्या पुलावर आमच्या विद्यार्थिनीने आमचे आभार मानिले, आणि ते आमच्या हक्काचे नाहीत एवढे सांगण्यापूर्वीच तिची गाडी आली. पुन्हा भेट होईल न होईल. म्हणून येथे लिहून ठेवितो की, त्या दिवशी आमचे भाकीत खरे होते आणि सल्ला चुकीचा होता. चांदणे चार दिवसांचे आहे एवढे आम्ही तिला बरोबर सांगितले. त्या चार रात्री तिने बाहेर यावे की नाही, हे ठरविणे आमच्याकडे नव्हते.